पिवळ्या माथ्याच्या दगडांचे रस्ते

फ्रान्समधल्या रस्त्यांची एकूण लांबी दहा लाख किलोमीटरांच्या वर जाते. त्यांतले महामार्ग आणि राष्ट्रीय रस्ते एकत्र मोजले तरी पंचवीस हजारांच्या आतच राहतात. उरलेलं सगळं जाळं डिपार्टमेंटांचं आणि कम्यूनांचं. डिपार्टमेंट हा आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग आणि कम्यून म्हणजे गाव. पावणेचार लाखांहून थोडे अधिक किलोमीटर डिपार्टमेंटांकडे आहेत, सात लाखांच्या आसपास कम्यूनांकडे. डिपार्टमेंटच्या रस्त्याच्या क्रमांकाआधी ‘डी’ लिहिलेला असतो आणि जिथे जुने दगड अजून शाबूत आहेत तिथे कडेला पिवळ्या माथ्याचा पांढरा दगड दिसतो. पुढच्या पानांत ज्या मार्गांची ओळख करून दिली आहे, ते जवळजवळ सगळे या दगडांच्या सोबतीने जातात.

फ्रान्समध्ये सायकल म्हटलं की मराठी वाचकाला आठवते टूर द फ्रान्स. आल्प्समधली वळणं, मों व्हाँतूचा उजाड पांढरा माथा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गळा फाडून ओरडणारे लोक. अलीकडे त्यात नदीकाठच्या आणि जुन्या रुळांवरच्या सायकलमार्गांची भर पडली आहे. लुआर नदीच्या काठाने नऊशे किलोमीटरांचा मार्ग जातो. बर्गंडीत बंद पडलेल्या रेल्वेच्या जागी १९९७ मध्ये जिव्री ते क्लुनी असा मोटारबंद रस्ता झाला. हे मार्ग उत्तम आहेत, लहान मुलांना घेऊन निघायचं असेल तर त्यांच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. पण पाणी आणि रूळ यांना चढ आवडत नाही, त्यामुळे हे मार्ग सपाटच राहतात.

उंच पर्वत आणि ही सपाटी यांच्या मधला फ्रान्स या प्रस्तावनेचा विषय आहे. नॉर्मंडीच्या दक्षिण अंगाचा पेर्श, बर्गंडीतला मोर्वां, देशाच्या मध्यावरचं लिमुझां, नैऋत्येकडचे पेरिगोर आणि गास्कनी. इथे चढ लांबलचक नसतात. एक टेकडी पार होते, उतार लागतो, उतार संपतो तिथे ओढा, ओढ्यावर दोन गाड्या शेजारीशेजारी जेमतेम मावतील एवढा पूल, आणि पुलापलीकडे पुढचा चढ. तासभर सायकल हाणली तरी चार-सहा मोटारींपलीकडे काही भेटू नये, असे रस्ते या भागांत कितीतरी आहेत.

या निवांतपणाबद्दल प्रवासवर्णनांत भरभरून लिहिलं जातं, पण तो तिथे आला कसा हे क्वचितच सांगितलं जातं. वारा, ऊन किंवा सूर्यफुलं यांच्यासारखी ती निसर्गाची देणगी नाही. माणसांनी केलेल्या एका कायद्यातून आणि मग त्याच माणसांच्या निघून जाण्यातून हे रस्ते असे झाले आहेत. ही गोष्ट माहीत असली की प्रत्येक वळण निराळं दिसतं, म्हणून ती आधी सांगायला हवी.

२१ मे १८३६ रोजी फ्रान्समध्ये गावरस्त्यांचा कायदा झाला. आपले रस्ते नीट राखणं प्रत्येक कम्यूनवर बंधनकारक झालं. गावाचं उत्पन्न पुरत नसेल तर जादा कर, नाहीतर अंगमेहनत. अठरा ते साठ वयाच्या धडधाकट पुरुषांकडून वर्षाला जास्तीत जास्त तीन दिवसांचं काम घेता येई आणि घरातले ओढकाम करणारे बैल-घोडे व गाड्याही त्या हिशेबात धरल्या जात. देखरेखीसाठी प्रत्येक डिपार्टमेंटच्या प्रीफेक्टला, म्हणजे सरकारने नेमलेल्या प्रमुख अधिकाऱ्याला, रस्ते-अधिकारी नेमण्याचा हक्क मिळाला. पावसाळ्यात चाकं रुतवणाऱ्या वाटांवर खडी पडली, गटारं खणली गेली, ओढ्यांवर पूल आले. वाडीतून चर्चला, शेतातून गिरणीला, गावातून आठवड्याच्या बाजाराला जाणाऱ्या लोकांची ही सोय होती. आज सायकलस्वार ज्या वळणावर सुखावतो, ते वळण बहुतेकदा कुणाच्या तरी शेताची हद्द वाचवण्यासाठी किंवा भरल्या गाडीच्या बैलांना चढ झेपावा म्हणून घेतलेलं असतं.

त्या काळी ग्रामीण फ्रान्स माणसांनी गच्च भरलेला होता. गास्कनीतल्या जेर या डिपार्टमेंटची लोकसंख्या १८४६ च्या सुमारास तीन लाखांच्या वर होती. आज ती दोन लाखांच्या आत आहे. आधी शहरांनी माणसं ओढून नेली, घरांतली मुलं कमी झाली, मग पहिल्या महायुद्धात देशाचे तेरा लाखांहून अधिक सैनिक मारले गेले. जेमतेम पंधरा-वीस घरांच्या गावातही चर्चसमोर त्या युद्धाचं स्मारक असतं. सायकल भिंतीला टेकवून त्यावरची नावं वाचावीत. एकच आडनाव दोन-तीनदा येतं आणि रस्ता रिकामा का आहे याचं निम्मं उत्तर तिथे दगडात कोरलेलं सापडतं. १९२० च्या दशकात ओस पडलेली शेतं कसायला उत्तर इटलीतून कुटुंबं आली. दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टर आला आणि दहा माणसांचं काम एकावर आलं.

माणसं गेली, रस्ते राहिले. लांब पल्ल्याची वाहतूक महामार्गांनी उचलली, आणि मागे राहिलेलं जाळं डिपार्टमेंटांच्या निवडून आलेल्या सभागृहांनी टिकवलं. २००६ मध्ये सरकारने आणखी सुमारे अठरा हजार किलोमीटर राष्ट्रीय रस्ते त्यांच्याच गळ्यात घातले. दिवसाला शे-दोनशे गाड्या जाणाऱ्या रस्त्याचं डांबरीकरण दर काही वर्षांनी करायचं आणि कडेचं गवत दर उन्हाळ्यात कापायचं, हा खर्च कुणीतरी दरवर्षी मंजूर करतं. परदेशातून आलेल्या सायकलस्वाराने गावातल्या बेकरीत आणि कॅफेत चार पैसे जरूर खर्च करावेत. ज्यांच्या करातून हा रस्ता गुळगुळीत आहे ते लोक तिथेच भेटतात.

रस्ते असून भागत नाही, ते सापडावे लागतात. इथे मिशेलिनचं नाव येतं. क्लेरमों-फेराँच्या या टायर कंपनीची कीर्ती सायकलनेच झाली. १८९१ च्या पहिल्या पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस शर्यतीत शार्ल तेराँ यांनी मिशेलिनचे काढता-घालता येणारे हवेचे टायर लावून बाजी मारली. पुढे कंपनीने नकाशे काढले आणि १९१० ते १९१३ या काळात सत्तेचाळीस पानांत अख्खा फ्रान्स कागदावर आणला. प्रमाण एक सेंटिमीटरला दोन किलोमीटर. हे प्रमाण सायकलसाठी इतकं नेमकं आहे की दिवसभराचा प्रवास दोन तळहातांखाली मावतो. मोठे रस्ते लाल, त्याखालचे पिवळे, सर्वांत लहान पांढरे. रस्त्यावर काढलेले बाण चढाच्या दिशेला तोंड करून असतात. एक बाण पाच ते नऊ टक्क्यांचा चढ, दोन बाण नऊ ते तेरा, तीन बाण त्याहून खडा. निसर्गरम्य रस्त्याला हिरवी कड असते.

मोबाइलमधल्या अ‍ॅपने मार्ग आखून देण्याच्या काळातही हा कागदी नकाशा जवळ ठेवावा, असं ठामपणे सांगावंसं वाटतं. अ‍ॅप दोन गावांमधला एक रस्ता दाखवतं. नकाशावर शेजारचे पाचही दिसतात, आणि त्यांतला पांढरा, दोन नद्यांमधल्या धारेवरून जाणारा रस्ता डोळ्यांना आपोआप सापडतो. हिरव्या कडेवर मात्र आंधळा विश्वास नको. पेरिगोरमध्ये दॉर्दोन्य नदीकाठी बेनाकच्या किल्ल्याखालून जाणारा रस्ता देखणा आहे, पण ऑगस्टमध्ये तिथे मोटारींची इतकी रांग लागते की गावाला वळसा घालणारा रस्ता बांधायला घेतला गेला आणि तो वाद थेट देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयापर्यंत गेला. तिथून टेकडी चढून दहा किलोमीटर आत गेलं की अक्रोडाच्या बागा आणि सामसूम.

टेकड्यांच्या मुलखात निवांत फिरण्याचा हा छंद एका माणसामुळे फ्रान्सभर पसरला. पॉल द व्हिव्ही, लेखणीतलं नाव व्हेलोसियो. जन्म १८५३ चा, कर्मभूमी सेंत-एत्येन. १८८७ पासून ते सायकलवरचं मासिक चालवत आणि त्यात एकच गोष्ट परोपरीने सांगत: सामान्य माणसालाही टेकड्या ओलांडता आल्या पाहिजेत, आणि त्यासाठी सायकलला एकाहून अधिक गिअर हवेत. आज हे उघड वाटतं. त्या काळी टूर द फ्रान्सचे संस्थापक आँरी देग्रांज गिअर बदलण्याला दुबळेपणाची खूण मानत आणि टूरमध्ये डिरेलरला, म्हणजे साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्राला, परवानगी मिळायला १९३७ उजाडलं. तोवर साधे हौशी लोक कितीतरी वर्षं डिरेलर लावून चढ चढत होते. शर्यतींच्या आधी प्रवाशांनी यंत्र सुधारलं, हा इतिहास टूरच्या झगमगाटात विसरला जातो. व्हेलोसियो १९३० मध्ये ट्रामच्या अपघातात गेले. त्यानंतर सहा वर्षांनी, १९३६ मध्ये, फ्रेंच कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली आणि जोडपीच्या जोडपी टँडेम सायकलवर तंबू बांधून याच रस्त्यांवर उतरली.

१९२३ मध्ये स्थापन झालेल्या सायकल-पर्यटन महासंघाची एक योजना आजही चालू आहे. प्रत्येक डिपार्टमेंटमधली सहा ठिकाणं त्यांनी निवडून ठेवली आहेत. सायकलने तिथे जायचं, गावातल्या बेकरीचा किंवा कॅफेचा शिक्का कार्डावर घ्यायचा. वेळेची मर्यादा नाही, काही लोक आयुष्यभर हे कार्ड भरत राहतात. ठिकाणं निवडणारे स्वतः सायकलस्वार असल्याने ती मोठ्या रस्त्यांपासून बाजूला आहेत, आणि या ठिकाणांना जोडत गेलं तरी एक चांगला दौरा तयार होतो.

या साऱ्या मुलखांतला एकच जवळून पाहायचा तर तो जेर. पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी लान्मेझाँचं पठार आहे. तिथून बाईझ, जेर, आरात्स, जिमोन, साव्ह अशा नद्या हाताच्या बोटांसारख्या पसरत उत्तरेकडे जातात. दोन नद्यांच्या मधे डोंगराची एक-एक सोंड. त्यामुळे उत्तर-दक्षिण जाणाऱ्याला काठाने नाहीतर धारेवरून, बरंचसं सपाट जाता येतं. पूर्व-पश्चिम निघणाऱ्याची मात्र दर काही किलोमीटरांवर एका सोंडेशी गाठ पडते. सोंडेचा माथा समुद्रसपाटीपासून दोन-तीनशे मीटरच, पण शंभर किलोमीटरांच्या दिवसात अशा चढांची बेरीज हजार-दीड हजार मीटर सहज होते.

यात आणखी एक मेख आहे आणि ती फार कमी मार्गदर्शिकांत सापडते. या खोऱ्यांच्या दोन बाजू सारख्या नाहीत. नदी आपल्या पूर्वेच्या काठाला चिकटून वाहते. तो काठ उभा, आखूड. पश्चिमेचा काठ लांबवर पसरलेला आणि सौम्य. म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेला जाणाऱ्याला प्रत्येक नदीनंतर छातीवरचा चढ आणि मग रेंगाळणारा उतार. उलट दिशेने जाणाऱ्याला लांब, सोसेल असा चढ आणि मग ब्रेकवर बोटं ठेवायला लावणारा उतार. नकाशावर रेघ तीच, अंतर तेच, पण दिशा बदलली की दिवस बदलतो. त्यात वाऱ्याची बाजू वेगळी. एरवी तो पश्चिमेचा, पण ओताँ नावाचा कोरडा, झोंबरा वारा आग्नेयेकडून सुटला की दोन-तीन दिवस पिच्छा सोडत नाही.

कोंदों गावातून निघून चाळीसेक किलोमीटरांचा एक फेरा होतो. ओश शहराकडे जाणारा डी ९३० सोडून पश्चिमेला वळलं की थोड्याच वेळात लारेसँग्लचा कोट दिसतो. तेराव्या शतकातली तटबंदी, आत मावतील एवढीच घरं, सगळं गाव पायी पाच मिनिटांत पालथं घालता येतं. त्याच्याजवळ ऑस नदीवर आर्तिगचा जुना दगडी पूल आहे. स्पेनमधल्या सांतियागोला पायी जाणारे यात्रेकरू मध्ययुगापासून तो ओलांडत आले आहेत आणि १९९८ मध्ये यात्रामार्गासोबत तो युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. पुढे मोंरेआल, आणि तिथून उत्तरेला फुर्सेस. फुर्सेसचा चौक चौकोनी नाही, पूर्ण गोल आहे. मधे प्लेन वृक्षांची सावली, भोवताली लाकडी खांबांवर उभी घरं, घरांखालून फिरणारा कमानींचा पडवीसारखा रस्ता. परतीच्या वाटेवर द्राक्षांचे मळे लागतात, इथल्या पांढऱ्या द्राक्षांची आर्मान्याक ही ब्रँडी होते. हवा स्वच्छ असेल तर धारेवरच्या रस्त्यावरून दक्षिणेला पिरेनीजची बर्फाळ रांग दिसते.

कोंदोंच्या पश्चिमेला, शेजारच्या लांद डिपार्टमेंटमध्ये, लाबास्तीद-दार्मान्याक या गावाबाहेर शेतात एक लहान चॅपेल आहे. १९५९ मध्ये जोझेफ मासी या पाद्र्यांच्या खटपटीने ते सायकलस्वारांचं देवस्थान झालं. खिडकीतली रंगीत काच आँरी आंग्लाद या माजी शर्यतपटूने केली. भिंतींवर विजेत्यांच्या आणि सामान्यांच्या शेकडो जर्सी टांगल्या आहेत. १९७३ ची टूर जिंकणारे लुईस ओकान्या यांचं लग्न इथेच लागलं.

महाराष्ट्रातल्या अनेक सायकलस्वारांची या टेकड्यांशी गाठ आधीच पडली आहे, फक्त वेगळ्या कोपऱ्यात आणि मोठ्या घाईत. पुणे, मुंबई, नाशिक इथे दोनशे, तीनशे, चारशे आणि सहाशे किलोमीटरांच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब सफरी, होतात. त्यांना मान्यता देणारी संस्था १९०४ पासूनचा ऑडॅक्स क्लब पारिझियां. दर चार वर्षांनी होणाऱ्या पॅरिस-ब्रेस्त-पॅरिसला जायचं तर त्या वर्षी ही चारही अंतरं पूर्ण करावी लागतात. तिथे बाराशे किलोमीटरांसाठी बहुतेकांना नव्वद तास मिळतात. वाटेत एकही खरा डोंगर नाही, रस्ता कुठेच चारशे मीटरांच्या वर जात नाही. तरी पेर्श आणि ब्रिटनीच्या टेकड्या जोडून एकूण चढाई अकरा हजार मीटरांच्या पुढे जाते, एव्हरेस्टहून जास्त. गावोगावचे लोक रात्री दारापुढे टेबल मांडून कॉफी आणि धिरड्यांसारखे क्रेप वाटतात. असा प्रवास करून आलेल्यांनी पुन्हा एकदा, घड्याळ घरी ठेवून जावं. झोपेच्या ग्लानीत मागे टाकलेला पेर्श दिवसाउजेडी पाहण्यासारखा आहे.

काही गोष्टी निघण्याआधी माहीत हव्यात. तिथे रहदारी उजवीकडून चालते, हे दोन दिवसांत अंगवळणी पडतं. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ देण्याचा नियम अंगवळणी पडायला जास्त वेळ लागतो. खूण नसलेल्या चौकात उजव्या हाताच्या गल्लीतून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग ती गल्ली कितीही किरकोळ असो. पिवळ्या चौकोनाची पाटी दिसली तर हक्क आपला, त्यावर काळी तिरपी रेघ आली की संपला. सायकलला ओलांडताना मोटारीने गावाबाहेर दीड मीटर अंतर राखायचं असा कायदा आहे आणि त्यासाठी मधली अखंड रेघ ओलांडायलाही २०१५ पासून मुभा आहे. अरुंद रस्त्यावर मागची गाडी चढ संपेपर्यंत मुकाट मागे राहते, याची भारतीय सायकलस्वाराला आधी भीती वाटते, मग सवय होते.

उन्हाळ्यात डांबर फवारून त्यावर बारीक खडी पसरतात आणि ती दाबायचं काम येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांवर सोडतात. वेग कमी करण्याची पाटी दिसली की उतारावर वळणाआधीच ब्रेक लावावा, वळणात नव्हे. पंचवीस मिलिमीटरहून रुंद टायर असले तर उत्तम.

दुपारी बारा-साडेबारापासून दोनपर्यंत दुकानं बंद, सोमवारी बऱ्याच बेकऱ्या बंद, आणि जेवण दीडनंतर मागितलं तर स्वयंपाकघर आवरलेलं. पाव सकाळीच घेऊन ठेवावा. बेकरी उरली नाही अशा काही गावांत पावाचं यंत्र असतं, नाणी टाकली की ताजा लांब पाव बाहेर येतो. पाणी संपलं आणि कॅफेही बंद असला तर तिथले जुने सायकलस्वार थेट कब्रस्तान गाठतात. फुलझाडांसाठी तिथे नळ असतोच. पिण्याजोगं नसेल तर तशी पाटी लावलेली असते, ती वाचूनच बाटली भरावी.

मे, जून आणि सप्टेंबर हे महिने चांगले. सूर्यफुलं बघायची तर जुलै, पण मग उन्हाचा ताप टाळायला सकाळी सहाला निघावं. पुढचे मार्ग जेरपासून सुरू होतात. तुलूझहून ओशला जाणाऱ्या लोकल गाडीत सायकल नेता येते. पहिल्या दिवशी ओशहून उत्तरेला, बाईझच्या खोऱ्यात उतरून, ११५१ मध्ये स्थापन झालेल्या फ्लारांच्या मठावरून कोंदोंला मुक्काम आहे. पूर्व-पश्चिमेच्या सोंडा दुसऱ्या दिवसापासून.